मिठाचा अंदाज

२ मार्च

उद्यापासून महिन्याचा उपास. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत घोटभर पाणीसुद्धा नाही. सगळ्यांना. मला सोडून!

डॉक्टरीणबाईंनी मधुमेहाच्या गोळ्या वाढवल्या आणि वर दम दिला. "ही गोळी घेऊन उपाशी राहिलात तर कुठेतरी धाडकन कोसळाल. देवाला हवं तर मी समजावते." हे हसले. मीही हसले. घरी येऊन नळ सोडला आणि रडले.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बरं. मग यंदा पेला धाकटीला."

३ मार्च

पेला म्हणजे संध्याकाळचा पहिला घोट. सूर्य मावळला की सासूबाई घरातल्या एका सुनेच्या ओठांना स्वतः पेला लावतात. त्यांच्या सासूने त्यांना लावला, त्यांनी मला. लावणारीचा स्वतःचा उपास हवा, घेणारीचाही. लग्न झाल्यापासून तो पेला माझा. एरवी दिवसभर "हे असं का, ते तसं का" चालायचं, पण त्या घोटाला त्यांचा हात माझ्या हनुवटीखाली असायचा.

आज तो हात धाकट्या जावेच्या हनुवटीखाली होता. मी भात उतरवत होते. हात भाजला.

५ मार्च

धाकटीचे ओठ सुकलेत. आवाज बसलाय. त्यामुळे ती जास्तच गोड दिसते! आत्याबाई येऊन म्हणाल्या, "चेहऱ्यावर काय तेज आलंय पोरीच्या!" माझ्या चेहऱ्यावर काय आलंय? सकाळी खाल्लेल्या केळ्याचं तेज.

मी जेवते स्वयंपाकघरात, पाठमोरी, चोरासारखी. सासूबाई आत डोकावल्या. "दार लावून जेव गं." एवढंच. मी कडीच घातली.

८ मार्च

कारखान्याला जेवणाचे डबे पुरवायचं आमचं काम चालूच आहे. माणसं तिथे जेवणारच, त्यांना कुठला उपास. धाकटी भाज्या चिरून देते, फोडणी माझी. आज मीठ बघायची वेळ आली तेव्हा तिने पळी माझ्यापुढे केली. "ताई, तुम्हीच चाखा बाई. तुमचा काय, उपास नाही."

वाईट हेतूने नाही म्हणाली. तेच तर! वाईट हेतूने म्हणाली असती तर भांडता आलं असतं.

मग ती चूळ भरायला गेली आणि मी दारात उभी राहून तिचा गळा पाहत राहिले — घोट खाली जातो का! शी. या वयात! आणि घोट गेलाही नाही.

९ मार्च

रात्री हे म्हणाले, "धाकटीचं कौतुक आहे हं. हूं की चूं नाही." मी कूस बदलली. "तुला काय झालं?" म्हणे.

मला भुकेचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगू?

११ मार्च

ठरवलं. आजपासून मीही.

सकाळी गोळी घेतली, कारण सासूबाई ती मोजून हातावर ठेवतात. केळं ओट्यावर राहू दिलं, मग पिशवीत घालून गाईला दिलं. दुपारी दार लावलं, कडी घातली आणि रिकाम्या ताटासमोर बसून राहिले. ताटावर चमचा वाजवला दोन-तीनदा. बाहेर ऐकू जावा म्हणून!

भाजीही चाखली नाही. मीठ अंदाजाने. इतकी वर्षं हातात आहे ते कुठे जातंय?

संध्याकाळी धाकटीला पेला मिळाला तेव्हा मनात म्हटलं, मीही. तुला माहीत नाही, पण मीही.

फार बरं वाटलं. हात जरा थरथरत होते.

१४ मार्च

दुपारी घाम फुटला, डोळ्यांपुढे काजवे. पिठाच्या डब्याला धरून उभी राहिले. मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून घातलं. आधीही घातलं होतं!

कारखान्याच्या मुकादमाचा फोन. "ताई, डब्यात काय समुद्र पाठवलात? माणसं पाणी पिऊन पिऊन फुगली." धाकटी हसून हसून खाली बसली. मग माझ्याकडे बघून उठली. "ताई, चाखली नव्हती का?"

"चाखली होती," मी म्हटलं. "तोंडाला चवच नाही हल्ली."

सासूबाई कोपऱ्यात डाळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

१६ मार्च

सासूबाई आज दिवसभर स्वयंपाकघरातच. पाट घेऊन ठाण मांडून बसल्यात. मी चमचा वाजवायचा कसा? "जेवलीस?" "हो, मघाशी." "हं."

धाकटीचे केस त्यांनी विंचरून दिले. माझ्या डोळ्यांदेखत.

१८ मार्च, दुपार

आडवं व्हायला सांगितलंय. तरी लिहिते.

डबे भरायची वेळ. भाजी उकळत होती. मी मीठ टाकलं आणि पातेलं फिरायला लागलं. ओटा धरला. सासूबाई उठल्या, माझ्या हातातली पळी घेतली, भाजी तळहातावर घेतली आणि चाटली!

धाकटी ओरडलीच. "अहो आई, तुमचा उपास!"

"मोडला," त्या म्हणाल्या. "चाखायला कुणीतरी नको? मीठ कमी आहे हिचं."

तापात मोडला नाही, मामंजी गेले त्या दिवशी मोडला नाही. आणि माझ्या अळणी भाजीपायी! मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी मिठाचा डबा ओढला. त्यांनी मनगट धरलं. "राहू दे. चालेल एवढं. आता दोन ताटं घे. मला एकटीला जेवायला लाज वाटते."

आधी साखर चारली मला, चमच्याने. मग दूधभात. भाजी सगळी डब्यांत गेली, संध्याकाळसाठी वाटीभर काढून. मी दार लावायला उठले, तर म्हणाल्या, "असू दे उघडं."

कशी गं मी! पेल्यासाठी जळले आणि त्यांचा उपास घालवला, तोही धड स्वयंपाक न करून.

१८ मार्च, दिवेलागण

सूर्य मावळला. धाकटी पेल्यापाशी थांबली. सासूबाई हात मागे घेऊन बसल्या, "आता मला नाही चालत." तिने आपला आपण घेतला.

मी झाकलेली वाटी काढली. भाजी चाखली.

मीठ बरोबर होतं.