नववीच्या वाफ्यावरचं माझं व्याख्यान

ती. ताईस,

धाकट्याचा कमरेत वाकून नमस्कार. (वाकायला याच महिन्यात शिकलो.) तुझा गुडघा आता जिने चढू देतो का? मी ठणठणीत आहे. अभिमानाला तेवढा मुका मार बसलाय.

शाळेमागची मोकळी जागा गाड्या लावायला द्यायची की नववीच्या शेतीप्रयोगांसाठी ठेवायची, हे समिती महिनाअखेर ठरवणार होती. ‘हातांनी शिका!’ असं मी वीस वर्षं गर्जत आलोय, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी ती जागा आणि तो वर्ग दोन्ही माझ्या गळ्यात घातली. पहिल्या दिवशी गेलो, तर मधोमध वीतभर उंच, सपाट, मातीचा चौथरा. पोरांनी माझ्यासाठी व्यासपीठ रचलं या विचारानेच मला भरून आलं. चढलो आणि श्रम, माती व स्वातंत्र्य यांवर चाळीस मिनिटं बोललो. (आवेशात तीनदा पाय आपटले; वाक्यंच तशी होती.) सगळा वर्ग खाली मान घालून माझ्या पायांकडे बघत होता. मी म्हटलं, काय ही नम्रता! उतरल्यावर कळलं, तो गादीवाफा होता आणि त्यात सकाळीच मुळ्याच्या साठ बिया पेरल्या होत्या.

मी माफी मागायला तोंड उघडलं (तेही भाषणच झालं असतं), तोच वर्गातली एक मुलगी, जिला सगळे मोजपट्टी म्हणतात, वही काढून म्हणाली, “माफी राहू द्या सर. वजन किती तुमचं?” शेजारी तसाच दुसरा वाफा होता, तेवढ्याच बियांचा. पोरांनी दोन्हींना सारखंच पाणी घातलं. आठव्या दिवशी तिकडे बावन्न रोपं, माझ्याकडे नऊ. पाट्याही लागल्या: ‘सरांचा वाफा’, ‘बिनसरांचा वाफा’.

समिती आली तेव्हा तासाभराचं घणाघाती भाषण माझ्या खिशात तयार होतं. मोजपट्टीने माझ्या हातात झारी दिली. “सर, आज तुम्ही फक्त ही धरा हं.” धरली! पोरांनी खुरप्याने दोन्हीकडची माती उकरून दाखवली, दाबलेल्या मातीत हवा राहत नाही, कोंबाला वर येता येत नाही, हे समजावलं. अध्यक्षांनी विचारलं, “कोणी तुडवलं हे?” मी हात वर केला. ते मनापासून हसले, खाली बसले आणि स्वतः मातीत बोटं घालून बघू लागले. जागा नववीकडेच राहिली.

ताई, माझ्या भाषणांनी लोक उठून टाळ्या वाजवतात. मातीत बसलेलं मात्र मी अजून कोणाला पाहिलं नव्हतं. कपाटं भरून पुस्तकं वाचली, पण नखांत माती गेली ती या पोरांमुळे. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

तुझा,
सध्या ऐकायला शिकणारा धाकटा

ता. क. मोजपट्टीला एक शंका आहे: बिया पायांनी गेल्या की भाषणाने? त्यासाठी ताज्या वाफ्यावर माझ्याएवढाच माणूस चाळीस मिनिटं अवाक्षर न काढता उभा करायचाय. भाऊजींना शनिवारी पाठवशील? एवढा सराव दुसऱ्या कोणाला आहे?

पुन्हा ता. क. ते माझ्यापेक्षा दोन किलोंनी हलके आहेत. निघताना खिशांत काहीतरी जड घाल. नाहीतर रोपं तरारून वर येतील आणि सगळा आळ माझ्या वक्तृत्वावर!