अराक्सीचं नाव

३ नोव्हेंबर २०२५, जेद्दा

म्हातारा आज पुन्हा तेच बोलला — "संकलन मी स्वतः केलं." खोटं! चौऱ्याऐंशीव्या वर्षी इतकं सफाईदार खोटं!

सुरेन खाझार्यान. आर्मेनियाचा मोठा दिग्दर्शक, सहा सिनेमे. इथला एक फिल्म क्लब वीस तारखेला त्याचा सत्कार करतोय. त्याच्या आयुष्यावरचा माहितीपट शराफिया भागातल्या यूनुसभाईंच्या स्टुडिओत मी जोडतेय. त्याचे सिनेमे बघून बघून डोळे चुरचुरतायत. पहिल्या चारांत माणूस दारापर्यंत पोचायच्या आतच कट. शेवटच्या दोनांत दार बंद होईपर्यंत शॉट रेंगाळतो. मधे काय झालं? २००४ साली त्याची बायको अराक्सी वारली. एवढंच झालं.

६ नोव्हेंबर

जुने फोटो दिले त्यानं. एकात स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर फिल्मच्या पट्ट्या, आणि अराक्सीच्या गळ्यात दोरीनं बांधलेली कात्री. फोटो त्याच्यापुढे धरला. "मदत करायची थोडी," म्हणाला.

मदत! हर्षवर्धनही पाहुण्यांना असंच सांगतो — "बायको स्टुडिओत जरा मदत करते."

९ नोव्हेंबर

श्रेयनामावलीत माझं नाव नाही. यूनुसभाई म्हणाले, "मॅडम, आपका इकामा फॅमिलीवाला है, काम की इजाज़त ही नहीं. नाम कैसे डालूँ?" नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेला राहण्याचा परवाना माझा — काम घेतलं तेव्हाच ठाऊक होतं मला. तरी पित्त खवळलं.

घरी नवरा वर शहाणपण शिकवतोय — "नाव हवंय कशाला तुला? उद्या कंपनीत कळलं तर बिऱ्हाड उचलावं लागेल, विभा." बरोबर आहे त्याचं. म्हणूनच जास्त राग येतो.

१४ नोव्हेंबर

माहितीपटात पाटी टाकली! कुणाला न विचारता. "पहिल्या चार चित्रपटांचं संकलन — अराक्सी खाझार्यान." माझं नाही तर नाही, तिचं तरी येऊ दे.

१८ नोव्हेंबर

म्हाताऱ्याला माहितीपट दाखवला. पाटी आली तसा त्यानं हात वर केला. थांबवलं. मी भांडायला कंबर कसून उभी. त्यानं पडद्यावरच्या तिच्या नावावर बोट टेकवलं. मग म्हणाला, "सोव्हिएत राजवटीत तिचे वडील राजकीय कैदी. तिला स्टुडिओत पाऊल टाकायची बंदी. मी रिळं कोटात लपवून घरी न्यायचो. नाव टाकलं असतं तर सिनेमाही गेला असता आणि तीही."

"आणि देश स्वतंत्र झाल्यावर? तेव्हा कोण अडवत होतं?"

"तोवर सवय झाली होती. तीही काही बोलली नाही."

सवय! हातातला चहा त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. वयाकडे बघून गिळला राग.

"पाटी राहू दे," म्हणाला. जाताना दारात थांबला. "तुझं नाव कुठेय यात?" त्या माणसापुढे इकाम्याचं रामायण लावायची लाज वाटली. "राहून गेलं," म्हटलं.

२० नोव्हेंबर

सत्कार झाला. पाटी आली तेव्हा म्हातारा रडला. मग माईक घेतला — "एका बाईचं नाव मी आयुष्यभर लपवलं. आता दुसरीचं लपवणार नाही. हा माहितीपट विभावरीनं जोडलाय. विभावरी, उभी राहा!"

सगळ्यांचे मोबाइल वर. यूनुसभाईंनी डोकं धरलं. हर्षवर्धननं माझी ओढणी घट्ट पकडली — "बस खाली. ऐक माझं." इकाम्याची गोष्ट मी म्हाताऱ्याला सांगितली असती तर तो हे बोललाच नसता. मूर्ख मी!

टाळ्या थांबेनात.

२१ नोव्हेंबर

सुट्टीचा शुक्रवार, तरी हर्षवर्धनला कंपनीतून फोन. कुणीतरी व्हिडिओ पाठवलाय. रविवारी दोघांचे इकामे घेऊन बोलावलंय. त्यानं आरडाओरडा केला नाही. कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या आणि एकच विचारलं — "उभी का राहिलीस?"

"माझं नाव घेतलं होतं," मी म्हटलं.