पंपाची जागा

३ तारीख, सकाळ
...आणि दादाचं पुन्हा तेच. म्हणे, मी एवढ्या लांब भांडी घासायला आलोय. वाळवंटात भांडी वाळूने घासतात, त्यालाही डोकं लागतं. पण पंक्चरच्या दुकानात बसून हे कसं कळणार? मी वाळवंट-सफारीच्या कंपनीत कॅम्प असिस्टंट आहे. ही ट्रिप नीट पार पडली की मालक मला ज्युनिअर गाइड करणार. पगार दीडपट, थोडा आगाऊ. ताईच्या नर्सिंगची बारा हजार फी वीस तारखेच्या आत मीच भरणार. शब्द दिलाय.
संकल्प : कमी बोलणे.

४ तारीख
निघालो. एक जीप, चार पाहुणे, गाइडकाका आणि मी. सामान मी लावलं. पाहुण्यांच्या आरामखुर्च्या काही बसेनात, म्हणून हवा भरायचा पंप काढून गोदामात ठेवला. टायर चारही टणक होते, स्वतः लाथ मारून पाहिली. आठ वर्षं दादाच्या दुकानात काढली आहेत, हवेतलं मला कोणी शिकवू नये. गाइड व्हायचं तर निर्णय घ्यावे लागतात.

५ तारीख, दुपार
वाळूच्या टेकड्या सुरू. काकांनी चारही टायरची अर्धी हवा सोडली. म्हणाले, टायर पसरला की वाळूत रुतत नाही. मी मान डोलावली. दादाच्या दुकानात हवा मुद्दाम कोणी सोडत नाही. अर्धी बाटली पाणी एका दमात प्यायलो. ऊन असावं.

६ तारीख
एका जागी बसवत नाही. तंबूचे खुंटे तीनदा ठोकले. पाहुण्यांतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अरे टेक जरा, तुझ्याकडे बघूनच धाप लागते. काकांना पंपाचं सांगायचं ठरवलं. ते चहा पीत होते. चहा पिणाऱ्याला त्रास देऊ नये.
जेवणानंतर काका खुशीत होते. मग तर नकोच.

७ तारीख, सकाळी ९
वाळू संपली, पुढे नुसते दगड. काका म्हणाले, हवा भरून घेऊ, पंप आण.

९ वाजून १०
शोधतोय.

साडेनऊ
सांगितलं. खुर्च्या किती आरामशीर आहेत तेही सांगितलं. काका म्हणाले, हरकत नाही, तुझ्या तोंडात चार टायरपुरती हवा आहे, लाग फुंकायला. पाहुणे हसले. वातावरण हलकं ठेवणं हेही गाइडचंच काम.

दुपार
मऊ टायर दगडांनी कापले. दोन फाटले, जादा टायर एकच. काकांनी फोन करून दुसरी गाडी मागवली, ती उद्या येणार. पाणी घोटाघोटाने. पाहुणे खुर्च्यांत बसलेत. खुर्च्या नसत्या तर कुठे बसले असते? पण हे कोणी बोलत नाही.

१० तारीख
मालकांनी बोलावलं. ज्युनिअर गाइड दुसराच झाला. मी आता गोदामात, तंबू झटकायला. एका अर्थी ऑफिसचीच नोकरी. दोन्ही टायर माझ्या पगारातून. पाहुण्यांच्या टिपमधला माझा वाटा, अकराशे चाळीस रुपये, काकांनी हातात ठेवला आणि जीपकडे गेले. थट्टा केली असती तर बरं होतं.

१९ तारीख
ताईचा फोन. फीची खिडकी उद्या दुपारी बंद. मी म्हटलं, गाइडच्या कामात फोन लागत नाही गं. ती म्हणाली, जमेल तेवढं पाठव, बाकीचं दादा दुकानातून काढतोय. आणि जेवतोस ना वेळेवर?
दादा मला याबद्दल एका शब्दाने बोलला नव्हता.
पाठवतोय : अकराशे चाळीस.