बरणीतली पांढरी कोळंबी

सर, तुमची ती बरणीतली कोळंबी पांढरी नव्हती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मला अजून दिसतं, अंबाजोगाईच्या आपल्या कॉलेजात प्रॅक्टिकलच्या टेबलावर ती बरणी आहे आणि आम्ही सगळे पेन्सिली घेऊन भोवती बसलो आहोत. चिठ्ठीवर लिहिलंय, प्रवाळात राहणारी, माशांची सफाई करणारी कोळंबी. आम्हाला ठाऊक ती फक्त आठवडी बाजारातली सुकट. मी मात्र ग्रंथालयातलं पुस्तक पाहून तिची पाठ लालभडक रंगवली, मधोमध पांढरा पट्टा ओढला, बाजूंना पिवळा हात मारला. तुम्ही जर्नल उचललंत. "लाल कावून केलीस? बरणीत लाल हाय का?" मी म्हटलं, "सर, औषधात राहून रंग उडाला आसंल." वर्ग हसला. तुम्ही ते पान टरकावलंत आणि समुद्रावरच्या सहलीच्या यादीतून माझं नाव खोडलंत. "हिला समुद्र घरीच दिसतो," म्हणालात. तोवर तुम्ही तरी समुद्र कुठे पाहिला होता!

समुद्र बघायला मला चाळिशी उलटावी लागली. लक्षद्वीपला पाण्यात उतरले, तर कपारीत ती होती, बोटाएवढी, लाल, पट्ट्यासकट, जोडीदारासोबत. तांबड्या समुद्रापासून पार पॅसिफिकपर्यंत ती अशीच राहते म्हणे. लांब पांढऱ्या मिशा हलवत जागच्या जागी डोलते, मग माशांना कळतं की इथे सफाई होते. एक थोराड मासा जबडा उघडून थांबला होता आणि ती त्याच्या दातांतून बिनधास्त फिरत किडे, मेलेलं कातडं खात होती. मी हात पुढे केला तर माझी नखंही कोरायला आली. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. हे मला विसाव्या वर्षी बघायचं होतं. ते तुम्ही हिरावून घेतलंत.

तिचा फोटो मोठा करून घेतला आणि तुम्ही अंथरुणाला खिळल्याचं कळल्यावर तडक तुमच्या घरी आले. तुम्ही माझा हात धरलात. "लई लांबून आलीस बाई. बाकी कुणी न्हाई आलं." फोटो पिशवीतच राहिला. तुमच्या मागे काकू अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, एवढ्या विद्यार्थ्यांत सरांना शेवटचं भेटायला ही एकटीच आली. भेटायला नव्हते आले मी, सर. तुम्हाला खोटं पाडायला आले होते. काकूंना हे कधी बोलले नाही. आणि खरं सांगू, त्यांचं ते कौतुक ऐकायला मला आवडतं.