‘फोन’चा कॉलम

१२ मार्च २०२४, मंगळवार. रात्रीचे ९.२०

ऑफिसात मायग्रेशनची, म्हणजे डेटाबेस बदलायची, फाइल ओळ न् ओळ वाचत होतो. शेजारच्या टेबलावरचा पदवीधर म्हणाला, “चालव ना रे! परीक्षेला बसलायस का?” आणि सातव्या ओळीवर मी थांबलो.

त्यानं काल मॉडेलमध्ये, म्हणजे कोडमधल्या माहितीच्या आराखड्यात, एका कॉलमचं नाव बदललं – ‘फोन’चं ‘मोबाइल’. मॉडेल बदललं की डेटाबेसही तसाच बदलायला हवा, म्हणून टूल स्वतःच ही फाइल लिहून देतं. पण नुसतं नाव बदललंय हे टूलला कळलंच नाही! त्याच्या लेखी ‘फोन’ मेला, ‘मोबाइल’ जन्मला. जुना कॉलम उडवायचा, नवा रिकामा जोडायचा. ज्या रक्तपेढीचं काम आम्ही करतो, तिच्या अकरा हजार रक्तदात्यांचे नंबर – गेले असते!

फाइल चालवली नाही. चालवली नाही! दिवसभर हेच घोकतोय.

१३ मार्च

सीनियर ताईंनी फाइल दुरुस्त करून चालवली. नंबर सगळे जागच्या जागी. मी तीनदा मोजले. ताई म्हणाल्या, “चौथ्यांदा मोजलेस तर कंटाळून पळून जातील ते.” दुपारी पोटभर जेवलो.

पदवीधरानं जिन्यात गाठलं. “साहेबांना बोलू नकोस, हात जोडतो.” सोमवारी साहेब आम्हा दोघांतल्या एकालाच कायम करणार. त्याच्याकडे पदवी. माझी बारावीही अर्धवट.

१४ मार्च

साहेबांना पत्र लिहिलं. वाकडा शब्द एकही नाही, नुसती हकीकत. शुद्धलेखन दोनदा तपासलं. उद्या पाठवणार.

१५ मार्च

अशी चूक इथं आधी कुणी केलीय का, ते पत्रात घालावं म्हणून जुन्या फाइली काढल्या. डिसेंबरची एक सापडली. ‘रक्तगट’ जोडा, ‘गट’ उडवा. टूलकडून बनवून घेणारा – मी! नोकरीचा चौथा दिवस. मध्ये एक ओळ ताईंनी घातलेली, सकाळी ७.४०ला, मी यायच्या आधी: जुन्यातलं सगळं आधी नव्यात उतरवा.

ताईंना विचारलं, तेव्हा बोलला का नाहीत? स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या, “भीतीनं डबासुद्धा उघडत नव्हतास रे तू. आणखी काय बोलायचं?”

१५ मार्च, संध्याकाळी

पत्र काढून टाकलं. पदवीधराला म्हटलं, खुर्ची ओढ इकडे, फाइल कशी वाचायची दाखवतो. हलकं वाटतंय. सोमवारचं सोमवारी!