पिवळं दूध आणि तुमचं नाक

हळदीचे हात म्हणून तुम्ही मला सगळ्या वाडीसमोर बोल लावलात, आत्याबाय, ते मी अजून गिळलेलं नाय. सासू होतात, मरून इतकी वर्षं झाली, म्हणून काय झालं! अंगाची हळद उतरेपर्यंत नव्या नवरीनं गाईच्या आचळाला हात लावायचा नाय, हे अख्ख्या कापडे गावाला ठाऊक. पण धार काढायला मला बसवलंत तुम्हीच. चीक कधीच संपला तरी दूध पिवळंच. मी राखेनं हात घासते, कातडं सोलवटतं, दूध पिवळं. मग तुमची धाकटी लेक ते दूध पिता पिता काविळीनं गेली. तुम्ही चुलीपाशी उभ्या राहून म्हणालात, "तुझे हात नायतर ती गाय. दोघींतली एक जाईल." गाय नाते गावच्या बाजाराला गेली. तिची पाडी तेवढी ठेवलीत, रोग आईबरोबर गेला म्हणून.

गेला नाय. त्या पाडीचं दूध पिवळं, तिच्या लेकीचंही. आम्ही तूप करून खाल्लं, माझी पोरं माझ्या अंगावर वाढली, तान्ह्याला गाईचं पाजायची पाळी आली नाय. आता आलीय. तापानं सुनेचं दूध आटलं, लेकानं मुंबईहून धाडलेली पावडर नातवाला पचत नाय, आणि गोठ्यात हाय ती त्या पाडीचीच नात. महाडचे गुरांचे डॉक्टर बघून हसले. "आजी, रोग नाही हा, हिच्या रक्तातच आहे. आईकडून लेकीकडे उतरतं. तुमच्या नातवाचं नाक कोणाचं?"

"माझ्या सासूचं," मी म्हटलं, "आणखी काय काय उतरलंय ते कळायचंय अजून."

सून म्हणते, "शिकलेला माणूस सांगतोय, पाजा की बिनघोर!" पाजते. पण आधी वाटीभर मी पिते, मग त्याला. उंबऱ्यात उजेडाला नेऊन त्याच्या पापण्या वर करते. सुनेला सांगते, काजळ बघते. पांढरं दिसलं की जिवात जीव येतो, आणि हातातलं काम टाकून पुन्हा नेते, कारण तुमची धाकटीही आदल्या दिवसापर्यंत हसत होती.

हे पत्र टाकू कुठं? मसणात टपाल जात नाय. भाताच्या कणगीत राहील. तुम्ही जिवंत असताना तुम्हाला भ्यायले नाय, तेवढी आज भितेय. माझे हात, ती गाय, की तिसरंच काय? उत्तर तुम्ही द्यायचं. त्या पोराच्या डोळ्यांनी नाय.