तुझ्या हनुवटीवरचा फेस

माय, तू गेलीस त्या सकाळी तुझ्या गालाला फेस लावून तुझी दाढी कुणी केली, हे तुला सांगणारं कुणी नाही. म्हणून मी लिहायला बसलेय. इतक्या वर्षांनी का, तेही सांगीन. त्या सकाळी मला जो धक्का बसला तो अजून उतरलेला नाही. भाजी चिरताना, वर्गात हजेरी घेताना तो मधेच समोर उभा राहतो आणि हातातलं काम थांबतं.

पहिला धक्का तर तूच दिला होतास. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आण्णा धरणाच्या कालव्यावर पाणी सोडणारे पाटकरी होते आणि आपण तिघं कालव्याजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तहान लागली म्हणून मी उठते. बाहेर अजून फटफटलेलं नाही. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, फटीतून चुलीचा उजेड येतोय. दार ढकलते तर चुलीपुढं तू बसलेली, आणि डोळ्यांखालचं तुझं सगळं तोंड पांढरं. मला वाटलं, मायचं तोंडच गेलं. ओरडायला आ केला तोवर तू उठून माझ्या तोंडावर हात दाबला होतास. तुझ्या बोटांचा साबण माझ्या जिभेला लागला, कडूजहर. "गप. तुझी मायच हाय म्या," तू म्हणालीस. मग दाराला आतून पाटा लावलास, मला शेजारी बसवलंस आणि राहिलेली दाढी माझ्यासमोर केलीस. ब्रश आण्णांचा, रेझर आण्णांचा, साबणाची वडीही त्यांचीच.

"बायांना दाढी येती व्हय?" मी विचारलं. "मला येतीया," तू म्हणालीस. लग्नाआधी तू चिमट्यानं उपटायचीस, मग केस वाढत गेले आणि उपटणं पुरेना. आण्णांना ठाऊक आहे का, असं मी विचारल्यावर तू रेझर खाली ठेवलास. "त्यांला कळलं तर मला म्हायेरी लावून देतील. माझ्या मावशीला असंच लावून दिल्तं. ती परत नांदाय गेलीच न्हाई." तेवढं बोलून तू परत गालाला लागलीस. त्या दिवसापासून आण्णांच्या ताटात भाकरी वाढतानासुद्धा मला भीती वाटायची, की माझ्या तोंडावर काहीतरी दिसेल.

नंतर मी पुष्कळदा तुझ्यासोबत उठले. तू नको म्हणायचीस, पण मला तो फेस बघायचा असायचा. ब्रश तू आधी गरम पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवायचीस, केस मऊ पडेपर्यंत. मग बाहेर काढून झटकायचीस, ओला राहील पण ठिबकणार नाही इतपत. वडीवर ब्रश फिरवायचा तो दाबून नाही. आधी बुडबुडे यायचे, ते तुला आवडायचे नाहीत. बुडबुडे जाऊन ब्रशच्या टोकाला मलईसारखा घट्ट थर धरेपर्यंत तू फिरवत राहायचीस. मग वाटी. वाटीखाली पदराची घडी, म्हणजे फरशीवर आवाज नको. त्यात बोटानं पाण्याचा एकेक थेंब सोडायचा आणि घोटायचं. "कणकीला पाणी लावतो तसं," तू सांगायचीस. "येकदम घातलं की गेलं. नुसता फुगतो आन् गालावर वाळून जातो, मग पातं वरबडतंय." झालेला फेस दह्याच्या सायीसारखा चमकायचा. तो आधी गोल गोल फिरवून केसांच्या मुळाशी पोचवायचा आणि मग सारवल्यासारखा एकाच बाजूनं सपाट करायचा. हे सगळं आवाज न करता. पलीकडच्या खोलीत आण्णा झोपलेले. त्यांचा श्वास ऐकत तू दाढी करायचीस. कान तिकडं, हात इकडं. कानाखाली आलं की तुझी घाई व्हायची आणि तिथंच कापायचं.

मग भूकंप झाला, क्वार्टरला भेगा पडल्या आणि आपण पत्र्याच्या शेडात राहायला गेलो. एकच खोली, मधे साडीचा पडदा. मला वाटलं, आता तुझं कसं होणार. पण त्याच दिवसांत आण्णांनी अंधारातच कालव्यावर चक्कर मारायला जायची सवय लावून घेतली. ते गेले की तू उठायचीस. मदतीच्या सामानात दाढीच्या क्रीमची ट्यूब आली होती. साबणाच्या सवयीनं तू बोटभर क्रीम घेतलंस आणि फेस वाटीबाहेर आला, गालावरून गळ्यात उतरला. आपण दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. चार दिवसांत तुला कळलं, क्रीम हरभऱ्याएवढं पुरतं, आणि पाणी साबणापेक्षा जरा जास्त मागतं. वासाची मात्र तुला धास्ती. दाढी झाली की तू चुलीतली राख गालाला चोळायचीस, तो वास जाण्यासाठी.

नळावर बाया पाणी भरत होत्या तेव्हाची गोष्ट तुला आठवत असेल. कुणीतरी क्रीमच्या ट्यूबांबद्दल हसत होतं आणि मी अभिमानानं बोलून गेले, "माझ्या मायचा फेस आण्णापेक्षा भारी होतोय." बाया बघायला लागल्या. तू हंडा डोक्यावर घेत म्हणालीस, "ह्या पोरीला कपड्याचा साबन आन् दाढीचा साबन येकच." त्या हसल्या. शेडात आल्यावर तू मला मारलंस. त्याआधी कधी मारलं नव्हतंस, नंतरही नाही. मी रडले नाही. मला धक्का बसला होता, की एवढ्याशा वाक्यानं आपलं घर मोडू शकतं.

मग माझं लग्न झालं, आणि वर्ष होतंय तोवर तू शेतात पडलीस. मेंदूत रक्तस्राव झाला होता. सोलापूरच्या दवाखान्यात तू डोळे मिटून पडलेली, नळ्या लावलेल्या, आणि तुझ्या हनुवटीवर, ओठावर केस वाढत चाललेले. मी तुझ्या तोंडावर पदर ओढायची, नर्स तो बाजूला करायची. मला रेझर आणायचं धाडस झालं नाही. आण्णा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसलेले असायचे आणि मला वाटायचं, त्यांना हे दिसतंय, आता ते बघतायत, आता त्यांच्या मनात तुझं तुझ्या मावशीसारखं झालं.

तू गेलीस. सकाळी तुला घरी आणलं. ओट्यावर विहारातल्या बाया थांबलेल्या, पांढरं लुगडं आणलेलं, पाणी तापलेलं. आता त्या तुला अंघोळ घालणार, तुझ्या तोंडावरचा पदर काढणार. त्यांना काय सांगून थांबवावं ते सुचेना. तेवढ्यात आण्णा दारात आले. "बायांनो, तुमी जरा भाईर थांबा," ते म्हणाले. मलाही बाहेर काढतील असं वाटलं. त्यांनी दार लावलं आणि मला म्हणाले, "कोमट पानी दे तांब्यात. लई गरम नगं."

त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला. फडकं पिळून तुझ्या गालावर धरलं, बराच वेळ, गार पडलं की परत बुडवून परत धरलं. मग पदर सारून, ट्यूबमधलं हरभऱ्याएवढं क्रीम थेट तुझ्या हनुवटीला लावलं. तू वाटीत फेस करायचीस, आण्णा तोंडावरच करायचे. ब्रशचं नुसतं टोक पाण्याला लावून गोल गोल फिरवत राहिले. तुझ्या गार कातडीवर फेस लवकर धरेना, तरी त्यांनी घाई केली नाही. थोडं पाणी, परत गोल, थोडं पाणी. हळूहळू तो चढला, दाट, बुडबुड्याशिवाय. मी भिंतीला टेकून उभी. आण्णांनी अंगठ्यानं तुझा गाल ताणला आणि वरून खाली रेझर ओढला. जबड्याखाली आले तेव्हा थांबले, रेझर उलटा धरला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हितं केस उलटं वळत्यात तिचं."

माय, हे मलाही माहीत नव्हतं. इतक्या वेळा शेजारी बसून मला दिसलं नव्हतं. हे हात फिरवल्याशिवाय कुणाला कळत नाही.

"आण्णा, तुमाला ठावं होतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"लग्नानंतरच्या पैल्या उन्हाळ्यापासनं. म्या आठवड्यातनं येकदा दाढी करनार आन् ब्रश रोज वला."

"मग एकदा तरी बोलायचं."

त्यांनी ब्रश तांब्यात हलवला. "बोललो हुतो. म्हणलं, तुझं काय आसंल ते आसू दे, मला चालतंय. तर हिनं दोन दिस भाकरीला हात लावला न्हाई. काय आसंल म्हंजी काय, हेच इचारत ऱ्हायली. मग म्हणलं, काय न्हाई, सहज बोललो. तवा जेवली."

मला शेडातले दिवस आठवले. "तुमी अंधारात कालव्यावर जायचा ते?"

"कालव्याला कुठलं पानी हुतं तवा," आण्णा म्हणाले. मग फडक्यानं तुझं तोंड पुसलं, गालावर पालथा हात फिरवून बघितला, आणि दार उघडून बायांना आत घेतलं. कुणाला काही कळलं नाही. "शांत दिसतीया," एवढंच एक जण म्हणाली.

मला त्यांचा राग आला होता. त्या दिवशी आला आणि कितीतरी दिवस राहिला. तू आयुष्यभर त्यांच्या आधी उठलीस, वाटीखाली पदर ठेवलास, गालाला राख चोळलीस, आणि हा माणूस पलीकडं डोळे मिटून जागा पडलेला. त्यांनी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं असं मला वाटायचं. मग कधीतरी दुसरं सुचलं आणि ते त्याहून भारी पडलं. त्यांनी तसं म्हटल्यावर तू दोन दिवस जेवली नाहीस, म्हणजे ते काय म्हणतायत ते तुला कळलं होतं. मग त्यांना कळलंय हेही तुला माहीत होतं का? दोघं एकाच घरात, एक आवाज न करता फेस घोटतेय, एक ऐकू येत नसल्यासारखा पडलाय, आणि मधे मी एकटीच घाबरलेली? आण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "ती काय बोलली न्हाई, म्या काय बोललो न्हाई." पुढं ते बरीच वर्षं जगले. हा विषय परत निघाला नाही.

आता हे का लिहितेय ते. माझी पाळी जायच्या बेताला आलीय, आणि हनुवटीवर राठ केस आलेत. धाराशिवमध्ये डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या हसून म्हणाल्या, मॅडम, घाबरू नका, पुष्कळ बायांना येतात. पुष्कळ बायांना. मी खुर्चीतच बसून राहिले. तू जन्मभर समजत होतीस की तू आणि तुझी मावशी, दोघीच. त्यांनी गोळ्या दिल्यात, पण गोळ्यांना वेळ लागतो. म्हणून मी बाजारातून ब्रश आणि साबण आणला. पहिल्या दिवशी नुसता फुगा झाला, गालावर वाळला, पातं वरबडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग डोळे मिटले आणि हात तुझ्यासारखा फिरवला, थेंबाथेंबानं पाणी सोडत. फेस सायीसारखा आला. मला स्वतःचाच धक्का बसला.

आमचे हे दाढी सलूनमध्येच करून येतात, त्यामुळं घरात ब्रश कधी नव्हता. परवा मी पोळ्या करत असताना तो खिडकीत वाळत ठेवलेला त्यांनी बघितला. "हा कशाचा?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मेंदी लावायचा." ते ब्रशकडं बघत राहिले, बोटानं त्याचे केस दाबून बघितले, आणि म्हणाले, "बरं."

माय, ते नुसतं बरं नव्हतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तव्यावरची पोळी उलटली.